वस्तऱ्यावरचे नाव



जुन्या पेटीत एखादा नक्षीदार पोलादाचा इंग्रजी वस्तरा सापडला, की पाहणारा पहिल्यांदा विचारतो, "हा केला कोणी?" आणि उत्तरासाठी पात्याच्या मानेवरील छाप वाचू लागतो. ते योग्यच आहे. तेथे कारागिराचे वा दुकानदाराचे नाव असते, क्वचित पत्ताही असतो. मुकुट आणि 'व्ही. आर.' ही अक्षरे असली, तर काळ राणी व्हिक्टोरियाचा, म्हणजे १८३७ ते १९०१ चा. 'इंग्लंड' असा शब्द असला, तर वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा. कारण १८९० च्या अमेरिकन जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे भाग पाडले.

छापानंतर नक्षी पाहावी. काही पात्यांवर ती तेजाबाने नुसती वर कोरलेली असते. घासली की गेली. काहींत लोखंड व पोलाद यांचे थर एकत्र ठोकून ती साधलेली असते. घासून पुन्हा तेजाब लावला की ती परत उमटते. तिसरा प्रकार मुशीतल्या पोलादाचा. तेथे नक्षी धातूच्या घडणीतूनच उमटते. परंतु फाजील तापवून ठोकले, तर ती लोपते. म्हणून नक्षी नाही एवढ्यावरून पोलाद मुशीतले नव्हे, असे म्हणता येत नाही.

आता एक खरे उदाहरण घेऊ. लंडनमध्ये ४०१, स्ट्रँड येथे जेम्स स्टोडार्ट नावाचा नामांकित शस्त्रकार होता. शस्त्रवैद्यांची हत्यारे आणि वस्तरे आपण 'वूट्झ' या हिंदी पोलादाचे करतो, आणि अनेक वर्षांच्या तुलनेनंतर ते आपल्याला युरोपातील उत्तम पोलादाहूनही सरस वाटते, असे तो आपल्या दुकानाच्या जाहिरात-पत्रिकेवर छापीत असे. एका लोहाराच्या मुलाला, मायकेल फॅरडेला, हाताशी धरून त्याने या पोलादाचे गुपित शोधण्याचा यत्न केला. १८२० व १८२२ साली दोघांचे निबंध प्रसिद्ध झाले. गुपित मात्र त्यांच्या हाती लागले नाही.

हे पोलाद विलायतेस पोचले ते मुंबईहून. तेथील डॉ. हेलेनस स्कॉट यांनी सर जोसेफ बँक्स यांना त्याचे नमुने पाठविले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीच्या ग्रंथात त्यावर निबंध लिहिला. त्याच्या मथळ्यातच हे पोलाद 'मुंबईस तयार होणारे' म्हटले आहे! जे बंदर माल धाडते, तेच माल घडविते, असे लंडनला वाटले. आपल्या मुंबईला न केलेल्या कामाचे श्रेय मिळाले.

करणारे होते दूर दक्षिणेस, म्हैसूर, सेलम आणि तेलंगण या भागांत. 'वूट्झ' हे नावही कानडी 'उक्कु'चाच अपभ्रंश मानतात. मातीच्या छोट्या मुशीत लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड व रुईची पाने घालायची, तोंड लिंपायचे आणि भात्याच्या आचेवर तासन्‌तास ठेवायचे. लाकडापानांतला कर्ब लोखंडात मुरे आणि त्याचे पोलाद होई. ती नक्षी उमटण्यास धातूतील व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांचा अत्यल्प अंश कारण होतो, हे शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात दाखविले. त्या लोहारांना द्रव्याचे नाव ठाऊक नव्हते. कोणत्या खाणीचे लोखंड घ्यावे, हे मात्र ठाऊक होते.

तेव्हा असा वस्तरा हाती आला, तर एकाऐवजी तीन प्रश्न विचारावेत. विकला कोणी? घडविला कोणी? आणि पोलाद केले कोणी? पहिल्याचे उत्तर छाप देतो, दुसऱ्याचे कधी कधी देतो. तिसऱ्याचे उत्तर त्या छापात कधीच नसते. स्टोडार्टने निदान आपले पोलाद हिंदचे आहे, हे प्रामाणिकपणे छापून सांगितले. तेवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मुशीपुढे घाम गाळणाऱ्याने आपले नाव कोठे कोरले नाही. पण पाते उजेडात तिरपे धरा. नक्षी टिकली असेल, तर ती त्याचीच सही समजा.