व्हॅल्यू इंजिनियरिंगचं कूळ

कळंब म्हटलं की आधी खुलासा करावा लागतो: धाराशिवचं नव्हे, यवतमाळचं. चिंतामणीचं कळंब. इथला गणपती जमिनीच्या पातळीखाली आहे; पायऱ्या उतरून त्याच्याकडे जावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत रेल्वे सुरू झाली. गावात रूळ आले की चहाच्या टपरीवर दुकानाच्या गाळ्यांची बोलणी निघतात.

अशाच एका बांधकामावर ठेकेदारानं मला मोठ्या हौसेनं सांगितलं, "भाऊ, आपण व्हॅल्यू इंजिनियरिंग केलं ना! वरच्या स्लॅबचा लोहा कमी केला."

"तो लोहा तिथं काय काम करत होता?"

"ते इंजिनियरले माहीत."

त्याची चूक मी त्याच्यापुरती धरत नाही. हा शब्द आता बहुतेक बांधकामांवर याच अर्थानं वावरतो: अंदाजपत्रक फुगलं की फिरवायची कात्री. पण त्याचं कूळ वेगळं आहे. त्याचा मूळ पुरुष ठेकेदार नव्हता, सिमेंट-रेतीशी त्याचा संबंध नव्हता. तो एका कारखान्याच्या खरेदी खात्यातला माणूस होता.

लॉरेन्स माइल्स अमेरिकेच्या नेब्रास्कातला. आधी मास्तरकी केली, मग विजेच्या इंजिनियरिंगची पदवी घेतली आणि १९३२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीत लागला. दुसऱ्या महायुद्धात त्याच्यावर माल खरेदीची जबाबदारी आली, आणि माल तर मिळत नव्हता. तांबं, निकेल, पोलाद, सगळं लढाईच्या कामाला लागलेलं. यादीत लिहिलेली वस्तू बाजारात नाही, कारखाना मात्र थांबवता येत नाही. या कोंडीत माइल्सनं खरेदीचा प्रश्नच उलटा केला. ती वस्तू मिळत नसेल तर ती जे काम करते ते दुसऱ्या कशाकडून करून घेता येईल?

त्यानं स्वतः सांगितलेला ॲस्बेस्टॉसचा किस्सा या विद्येत शिकणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. कारखान्याला ॲस्बेस्टॉसचे पत्रे हवे होते आणि त्यांची टंचाई होती. कशाला हवेत, अशी चौकशी केली तेव्हा कळलं की रंग लावलेले सुटे भाग वरून सरकताना खाली थेंब पडतात, रंगातलं द्रावण पेट घेतं, म्हणून जमिनीवर न जळणारं काहीतरी अंथरायचं. म्हणजे काम काय, तर आग न लागू देणं. एका पुरवठादाराकडे न जळणारा कागद होता, स्वस्त आणि हवा तितका. पण आगीच्या नियमात 'ॲस्बेस्टॉस' हा शब्द छापलेला होता. कागद सापडायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो शब्द बदलून घ्यायला. सरकारी निविदा भरणाऱ्या कोणालाही हा भाग समजावून सांगावा लागणार नाही.

लढाई संपल्यावर लक्षात आलं की पर्याय म्हणून घेतलेल्या बऱ्याच वस्तू मूळ वस्तूंपेक्षा स्वस्त होत्या आणि कामालाही उण्या नव्हत्या. १९४७ मध्ये कंपनीनं माइल्सला हेच काम पद्धतशीर करायला बसवलं. तेव्हा नाव होतं 'व्हॅल्यू ॲनॅलिसिस'. त्याचा एक नियम मला फार आवडतो: वस्तूचं काम एक नाम आणि एक क्रियापद एवढ्यात सांगायचं. खांब, 'भार वाहणे'. कठडा, 'माणूस अडवणे'. दर्शनी काच, 'लक्ष वेधणे'. दोन शब्दांत सांगता येत नसेल तर आपल्याला ते काम नीट कळलेलंच नाही, असं समजायचं. मग त्या कामापुढे त्याचा खर्च मांडायचा.

१९५४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजबांधणी विभागानं ही पद्धत उचलली. तिथं तयार मालापेक्षा नकाशाच्या टेबलावर भर होता, आणि नावात 'इंजिनियरिंग' आलं. १९५९ मध्ये या विद्येची संघटना निघाली, १९६१ मध्ये माइल्सचं पुस्तक आलं. बांधकामात हा शब्द साठच्या दशकात शिरला तो सरकारी कंत्राटांतल्या एका कलमाच्या हाताला धरून. ठेकेदारानं कामात उणेपणा न आणता खर्च वाचवणारा बदल सुचवला, तर बचतीत त्याचा वाटा. माझ्या मते शब्दाला बाक आला तो इथंच. कलमाचा दुसरा अर्धा भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि 'उणेपणा न आणता' मागे पडलं. भारतात व्हॅल्यू इंजिनियरिंगची राष्ट्रीय संस्था १९७७ मध्ये स्थापन झाली. तोवर आपल्याकडे शब्द पोचला होता, बाकासकट.

मराठीत आपण त्याला 'मूल्य अभियांत्रिकी' म्हणतो. यातल्या 'मूल्य' शब्दाचं कूळ माइल्सपेक्षा फार जुनं आहे. पाणिनीच्या एका सूत्रात तो 'मूल' पासून दोनदा सिद्ध केला आहे. मूल म्हणजे घातलेलं भांडवल. एका अर्थानं मूल्य म्हणजे भांडवलाच्या तोलाचं, आणि दुसऱ्या अर्थानं भांडवल घालून त्यावर जे मिळवायचं ते. आजचा बिल्डर ज्याला 'रिटर्न' म्हणतो ते या दुसऱ्या अर्थात बसतं. 'काटकसर' मधली कसर अरबीतून आली. तिचा अर्थ तुकडा, तूट. ठेकेदारानं कसर केली होती आणि नाव मूल्याचं सांगितलं होतं.

माइल्सचा प्रश्न आपल्याकडे कोणी आधी विचारला होता का? कळंबहून रेल्वेनं वर्ध्याला उतरलं की सेवाग्राम जवळच आहे. मार्च १९३६ मध्ये गांधीजींनी जमनालाल बजाजांना लिहून कळवलं की माझ्या झोपडीचा खर्च कमीत कमी असावा, कोणत्याही स्थितीत शंभर रुपयांवर जाऊ नये. गाव तेव्हा शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोटाळा व्हायचा, म्हणून १९४० मध्ये त्याचं सेवाग्राम झालं. (नावाचा खुलासा करत बसणारं कळंब एकटं नाही.) माती, बांबू, कौलं, जवळपास मिळेल ते साहित्य. छपराचं काम ऊन-पाऊस अडवणं, एवढंच. इथं टंचाई युद्धाची नव्हती, ओढवून घेतलेली होती.

पुढे १९७६ मध्ये वर्ध्यात देवेंद्रकुमारांनी 'सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस' उभं केलं. तिथली एक युक्ती माइल्सला पाहायला मिळायला हवी होती. कुंभाराच्या चाकावर शंकूच्या आकाराची पोकळ कौलं करायची, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं टोक अडकवत कमान उभी करायची, कमानीला कमान लावत छप्पर पुरं करायचं आणि वरून गिलावा. लाकूड नाही, लोखंड नाही. पोकळीतल्या हवेमुळे उन्हाळ्यात खोलीही कमी तापते. लाकूड परवडत नाही म्हणून छप्पर पातळ केलं नाही, छपराचं काम दुसऱ्या कशाकडून करून घेतलं.

आता कळंबच्या गाळ्यांकडे येऊ. आपली कपाशीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंतींना तडे देते. पाया तिच्यावर बसवायचा नाही, तिच्याखालच्या स्थिर थरावर टेकवायचा. त्यासाठी मुरूम लागेपर्यंत मोठाले खड्डे खणून काँक्रीट ओतत बसतात. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेनं याच मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल रूढ केला: अरुंद भोक, तळाशी सुमारे अडीचपट रुंद फुगा. खोल काळ्या मातीत तो निदान साडेतीन मीटर खाली जावा लागतो. मात्र तुमच्या प्लॉटला चार फुटांवर मुरूम लागला, तर साधा पायाच स्वस्त. हे ठरतं माती तपासणीनं. आणि वाचवायचा खर्च म्हणून पहिली कात्री बहुधा तिच्यावरच पडते.

परताव्याचा हिशेब करून पाहा. समजा इमारतीला १ कोटी लागले आणि वर्षाला ७ लाख भाडं येतं. परतावा ७ टक्के. १० लाख वाचवले तर भाडं तेच, परतावा पावणेआठच्या थोडा वर. पण ते १० लाख गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे आणि पश्चिमेच्या भिंतीच्या जाडीचे असतील, आणि गळती-दुरुस्तीला दरवर्षी १ लाख जाऊ लागले, तर हातात ६ लाख. परतावा ६.६७ टक्के. बचत करून आपण मूळच्याही खाली गेलो. उलट, भिंतीला हात न लावता जिना दर्शनी बाजूनं मागे नेला, त्या जागी छोटा गाळा निघाला, वर्षाला ५० हजार जास्त आले, तर १ कोटीवरच साडेसात टक्के. जिन्याचं काम 'वर नेणे'. रस्त्यावरची महागडी रुंदी त्याला कशाला?

दर्शनी काचेचंही तेच. पश्चिमेला काच लावायची, मेच्या उन्हात दुकान भट्टी करायचं आणि मग एसीचं बिल भाडेकरूवर टाकायचं. 'लक्ष वेधणे' हे काम चांगली पाटीही करते.

हे सगळं नकाशावर असताना फुकटात बदलतं. पाया भरल्यावर जिना हलत नाही, स्लॅब टाकल्यावर तर नुसती कात्रीच उरते. म्हणून कळंबात गाळे काढणाऱ्यांना विनंती एवढीच, की अंदाजपत्रकात दरापुढे एक रकाना वाढवून घ्या, 'हे काय काम करतं?', आणि पहिला खड्डा खणण्याआधी तो इंजिनियरकडून भरून मागा. कोऱ्या राहिलेल्या ओळीवर बिनधास्त कात्री चालवा. भरलेल्या ओळीवर चालवायची असेल तर ते काम आता कोण करणार, हे ठेकेदाराकडून लिहून घ्या.