मंडईची रात्र आणि नवा नट

नवा नट किंवा नवा नर्तक पुढे आणायचा म्हटले की आपल्याकडे महोत्सव भरवणे आणि पुरस्कार देणे हे दोन उपाय लगेच सुचतात. महाराष्ट्रात ही वाट जुनीच आहे. तेव्हाच्या मुंबई राज्याने 1954 मध्ये हौशी नाट्यस्पर्धा सुरू केली, पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडक रंगू लागला, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने 1999 मध्ये भारत रंग महोत्सव उभा केला आणि संगीत नाटक अकादमीने 2006 मध्ये चाळिशीपर्यंतच्या कलावंतांसाठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार ठेवला. या उपक्रमांनी रंगभूमीला माणसे दिली, यात वाद नाही. भंडारा जिल्ह्यात मात्र करंडक आणि सन्मानचिन्हे माहीत होण्याच्या कितीतरी आधीपासून नवशिक्याला उभे करणारी एक व्यवस्था नांदत होती, आणि ती अजून मोडलेली नाही. तिचे नाव मंडई. मंडई हा महोत्सवच आहे. फरक इतकाच की ती नवशिक्याला निवडून, गौरवून मोठे करत नाही. वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा लोकांसमोर उभे करून मोठे करते. पुरस्कार देणाऱ्यांनी ही रीत नीट समजून घेतली नाही, तर भंडाऱ्यासह पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत त्यांचा पैसा आणि सदिच्छा दोन्ही वाया जातील, असे मला वाटते.

मंडईची रीत धानाच्या हंगामाला बांधलेली आहे. दिवाळीच्या सुमारास हलके धान कापून होते, भारी धान अजून शेतात असते, हातात थोडा पैसा आणि अंगाला थोडी उसंत असते. पाडव्याला गोवारी गायगोधन करतात, भाऊबीज उलटली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. ढालीची पूजा होते, दुकाने लागतात, तलावातले शिंगाडे आणि ऊस विकायला येतो, लेकीजावई आणि सोयरे मुक्कामाला येतात. सोयरिकीच्या गोष्टीही इथेच निघतात. या सगळ्यात माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एकच आहे: शेजारशेजारच्या गावांच्या मंडया एका दिवशी येत नाहीत. आज या गावी, परवा त्या गावी. त्यामुळे एकाच पाहुण्याला चार मंडया पाहता येतात आणि एकाच कलावंताला चार रात्री उभे राहता येते. दिवसा बाजार आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत ही इथली लोकनाट्ये, नाहीतर नाटक, असा हा क्रम आहे. कोणा एका समितीने आखलेला नसूनही हा कार्यक्रम मोहाडीपासून लाखांदूरपर्यंत आठवडेच्या आठवडे चालतो. एका सभागृहात पाच दिवस भरणारा महोत्सव नवशिक्याला एक प्रयोग देतो. मंडईचा हंगाम त्याला चुकायला, सावरायला आणि पुन्हा चुकायला जागा देतो.

नवा पोरगा या व्यवस्थेत शिरतो कसा, हे खडी गंमतीत जवळून पाहावे. शाहीर पुढे उभा राहून गातो. मागे झीलकरी असतात. ते त्याची ओळ उचलतात, धरून ठेवतात, परत त्याच्या हाती देतात. नवा माणूस आधी या मागच्या रांगेत उभा राहतो. तिथे त्याचा आवाज एकटा पडत नाही, पण ताल चुकला तर शेजारच्याला लगेच कळते. काही हंगाम गेले की ढोलकी हाती येते, मग सवालजवाबातली एखादी जागा, मग सोंग. दंडारीत स्त्रीपात्र पुरुषच करीत, त्यामुळे नाचणाऱ्या मुलाची तयारी आणखी कोवळ्या वयात सुरू होई. गुरू वेगळा नेमलेला नसे. पुढच्या रांगेतला माणूस हाच गुरू. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीबरोबर दंडारीचाही कसून अभ्यास केला, आणि झाडीपट्टीचे नाटक हे पुण्यामुंबईच्या नाटकाची उशिरा पोचलेली नक्कल नसून त्याची मुळे दंडारीत आहेत, हे विचारात घ्यायला लावले. ही मांडणी मला पटते. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारे, गाण्यांनी भरलेले, गर्दीशी थेट बोलणारे हे नाटक शहरी घड्याळाचे नाही. शंकरपटाने त्याला दुसरा आधार दिला. दिवसा बैलांच्या शर्यती पाहायला लाखनीसारख्या गावी लोटलेली माणसे रात्री जाणार कुठे? त्यांच्यासाठी मांडव पडला, तिकीट लागले, नाटक उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये शर्यतींवर बंदी घातली, ती डिसेंबर 2021 मध्ये सशर्त उठली. मधल्या वर्षांत पट थांबले तरी नाटके थांबली नाहीत. मंडई होती म्हणून ती तगली.

जुन्या पद्धतीत नाटक गावाचेच असे. गावातल्या मंडळाने संहिता निवडायची, तालमी घ्यायच्या, मुख्य पुरुषपात्रे गावातल्याच पोरांनी करायची. पुढे स्त्रीकलावंत नागपूरकडून येऊ लागल्या, पडदे, दिवे आणि संगीत भाड्याने आणले जाऊ लागले. मग वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाट्यमंडळ्यांचे केंद्र बनले. लाखांदूरहून ते जवळच आहे, आणि गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर आहे. कोलकात्याच्या चितपूर भागात जात्रा या बंगाली लोकनाट्याच्या कंपन्यांची कार्यालये एका रस्त्यावर दाटली, तसे वडशात झाले. गावकऱ्यांनी तिथे जायचे, संच ठरवायचा, तारीख पक्की करायची. याने कलावंतांना हंगामभर मिळकत मिळाली आणि प्रयोगांत सफाई आली. पण एक दार हळूहळू लोटले गेले. सगळा संच बाहेरून आला की गावातला पोरगा तिकीट फाडतो, खुर्च्या लावतो. रंगमंचावर चढत नाही. झाडीपट्टीला नवे कलावंत कमी पडत असतील, तर त्याचे मूळ पुरस्कारांच्या तुटवड्यात शोधण्यापेक्षा या लोटलेल्या दारात शोधावे.

यावर पहिला आक्षेप दर्जाचा आहे, आणि तो गंभीर आहे. गर्दी खेचायला नाटकात रेकॉर्डिंग डान्स घुसतो, द्व्यर्थी विनोद चालतात. काही ठिकाणी तर नाटकाऐवजी ‘डान्स हंगामा’च ठेवला जातो. नोव्हेंबर 2022 मध्ये तुमसर तालुक्यातल्या अशाच एका कार्यक्रमातल्या अश्लील नृत्यावरून पोलिसांत गुन्हे दाखल झाले. मग मंडईला कलेची शाळा कसे म्हणायचे? माझे उत्तर असे, की हंगामा आला तो गावाने स्वतःचे नाटक बसवणे सोडले तिथे. आपल्या शिक्षकाचा, आपल्या चुलतभावाचा प्रवेश पाहायला बसलेली गर्दी वेगळी वागते. तिच्यात आईबहिणी असतात, आणि दुसऱ्या दिवशी नटाला त्यांच्याच समोरून जायचे असते. बाहेरून विकत आणलेल्या रात्रीला हा धाक नसतो. पोलिसांची बंदी हंगामा थांबवील, पण रिकामी झालेली रात्र भरणार नाही.

दुसरा आक्षेप असा, की मानसन्मानाशिवाय नवी पिढी या वाटेला येणार कशी? गडचिरोलीचे झाडीपट्टी नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि साऱ्या झाडीपट्टीला आपला गौरव झाल्यासारखे वाटले. तो आनंद खराच होता. पण पाच हजारांहून अधिक प्रयोगांची मजल मारल्यावर तो मान आला. त्या प्रयोगांची किंमत आधी गावांनी मोजली होती. सरकारी मदतीची रचनाही अशीच आहे. ज्येष्ठ कलावंतांचे मानधन पन्नाशीनंतर सुरू होते. युवा पुरस्कार चाळिशीच्या आत मिळतो, पण देशभरातून निवडलेल्या थोड्यांनाच. साकोलीच्या विशीतल्या झीलकऱ्याला यातले काहीच शिवत नाही. राज्य नाट्यस्पर्धेचे दार उघडे आहे खरे, पण तिची प्राथमिक फेरी बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात येते, म्हणजे ऐन मंडईत. तिथे जायचे तर रात्रभराचे नाटक कापून शहरी वेळेत बसवावे लागते, आणि बोलीही घासूनपुसून न्यावी लागते. कलावंताने आपला हंगाम सोडून परीक्षकांकडे जावे, असे आपण मागतो आहोत. परीक्षकांनीच पवनी-लाखांदूरच्या मंडईत येऊन पहाटेपर्यंत बसायला काय हरकत आहे? बक्षीस एका नटाला देण्याऐवजी स्वतःच्या पोरांना घेऊन नाटक बसवणाऱ्या गावाला द्यावे, आणि ते तालमीच्या आधी, पडदे आणि दिव्यांच्या भाड्यासाठी द्यावे.

मंडईचे गुणगान मी इथेच थांबवतो, कारण एका बाबतीत ती कायम अपुरी पडली आहे. झीलकऱ्यांच्या रांगेत मुलगी उभी राहिली नाही. दंडारीत स्त्रीचे सोंग पुरुषाने घेतले, नाटकात स्त्री आली ती बाहेरगावची, आणि पाहुण्या नटीला टाळ्या देणाऱ्या गावाने आपल्या लेकीला रात्री तालमीला पाठवले नाही. परंपरेने ही चूक आपोआप दुरुस्त होईल असे मानायला काही आधार नाही. पिढ्यान्‌पिढ्या ती झालेली नाही. इथे मात्र बाहेरच्या पैशाचा आणि पुरस्काराचा खरा उपयोग आहे. ज्या गावाच्या नाटकात गावच्या मुलींनी भूमिका केल्या त्यालाच अनुदान, अशी अट घालता येते. तालमी संध्याकाळी शाळेत घेता येतात, मुलींच्या येण्याजाण्याचा खर्च वेगळा देता येतो, आणि या मुलखात हयातभर नाटक केलेल्या अनुभवी नटींना मानधन देऊन महिनाभर गावात शिकवायला बोलावता येते. दिवाळीच्या दोन महिने आधी, रोवणी आटोपली की ही बोलणी सुरू करावी लागतील.