डॉ. जॉन्सन आणि गोव्याहून गेलेला मिशनरी

डॉ. सॅम्युएल जॉन्सन म्हटले की १७५५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा इंग्रजी शब्दकोश आठवतो. त्यांचे पहिले पुस्तक मात्र एका येशूसंघीय धर्मगुरूच्या प्रवासवृत्ताचा अनुवाद होते, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

फादर जेरोनिमो लोबो हे पोर्तुगीज मिशनरी १६२२ साली गोव्यास आले आणि १६२५ साली अॅबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात, पोहोचले. त्यांच्या वृत्तान्ताच्या फ्रेंच आवृत्तीवरून जॉन्सन यांनी १७३५ साली इंग्रजी पुस्तक सिद्ध केले. लिचफील्डच्या पुस्तकविक्रेत्याचा हा मुलगा पैशांअभावी ऑक्सफर्ड सोडून आलेला, मनाने खचलेला. अंथरुणात पडून तो मजकूर सांगे व मित्र हेक्टर तो लिहून घेई. मोबदला मिळाला पाच गिनी.

प्रस्तावनेत जॉन्सन लोबोंची स्तुती करतात, कारण त्यांनी अद्भुत राक्षस किंवा स्वर्गतुल्य प्रदेश रंगवले नाहीत. माणसे जशी आढळली तशीच वर्णिली. परंतु हातात तलवार घेऊन शांतीच्या परमेश्वराचा प्रचार करणाऱ्यांवर ते तेथेच कठोर प्रहार करतात. हा शब्द आम्हां धर्मगुरूंना झोंबतो. तथापि इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. सम्राट सुसेन्योसने कॅथलिक पंथ प्रजेवर लादला, देशात यादवी माजली, १६३२ साली त्याला सिंहासन सोडावे लागले आणि पुढे मिशनऱ्यांनाही देश सोडावा लागला. लोबोंचे धैर्य खरे होते, तसेच सक्तीचे अपयशही खरे होते. दोन्ही गोष्टी एकत्र स्वीकारल्याशिवाय मिशनकार्याचा प्रामाणिक इतिहास लिहिता येणार नाही, असे आम्हांस वाटते.

अॅबिसिनिया जॉन्सन यांच्या मनातून गेला नाही. १७५९ साली आईच्या निधनाच्या वेळी अंत्यविधीचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी आठवड्याभराच्या संध्याकाळी ‘रासेलास’ ही कथा लिहिली. तिचा नायक त्याच देशाचा राजपुत्र आहे. सुखाचा शोध घेत तो फिरतो आणि निर्भेळ सुख त्याला कोठेच सापडत नाही.

जॉन्सन स्वतः अँग्लिकन होते. तरी शुद्धिस्थानाची शिकवण निरुपद्रवी आहे, असे ते म्हणाल्याची नोंद बॉसवेल यांनी आपल्या १७९१ च्या चरित्रात केली आहे. सक्तीबद्दलचा त्यांचा तिटकारा केवळ कागदावर राहिला नाही. गुलामगिरीचे ते कट्टर विरोधक होते. जमेकात गुलाम म्हणून जन्मलेल्या फ्रान्सिस बार्बरला त्यांनी घरी ठेवले, शाळेत घातले आणि १७८४ साली मरताना आपल्या मालमत्तेचा मुख्य वारस नेमले. नातलग नसलेल्या एका कृष्णवर्णीयाला हे सारे मिळावे, याबद्दल अनेकांनी नाके मुरडली.

शब्दकोशाची जागा पुढे नव्या कोशांनी घेतली. पण सत्य आपल्या गोटाविरुद्ध जात असले तरी ते सांगावे, आणि दुर्बलाला दया नव्हे तर हक्काचे स्थान द्यावे, ही त्यांची शिकवण जुनी होत नाही. गोव्यातून निघालेल्या एका धर्मगुरूच्या वहीने तिला आरंभीच विषय पुरवला, ही आपल्यासाठी समाधानाची गोष्ट आहे, आणि आत्मपरीक्षणाचीही.