टिचकीचा भाव आणि न दिसलेली आडत

शेतमाल घेऊन बाजार समितीत गेलेल्या माणसाला परत येताना एक कागद मिळतो. त्याला पट्टी म्हणतात. वजन किती भरलं, भाव काय लागला, हमाली किती, तोलाई किती, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. पूर्वी आडतही त्यातच दिसायची. पट्टी वाचून शेतकरी खूश होतो असं नाही, पण पैसा कुठं गेला ते त्याला कळतं. आज मी ज्या बाजाराबद्दल बोलणार आहे, तिथं छोट्या विक्रेत्यांना सात वर्षं आडतीचा आकडाच कुणी सांगितला नव्हता. तिथला माल म्हणजे टिचकी. संगणकाच्या पडद्यावरच्या जाहिरातीवर आपण मारतो ती.

इंटरनेटवरच्या पट्टीवजा जाहिराती १९९४ साली अमेरिकेत सुरू झाल्या. सुरुवातीच्या काळात हिशेब वृत्तपत्रासारखाच होता. जाहिरात किती जणांसमोर आली त्यावर पैसे. १९९६ मध्ये साबण विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गँबलनं याहूपुढं वेगळीच अट ठेवली: जाहिरातीवर कुणी टिचकी मारली तरच पैसे देऊ. पण या अटीचा बाजार उभा केला तो कॅलिफोर्नियातल्या बिल ग्रॉस यांनी. १९९८ मध्ये त्यांनी ‘गोटू डॉट कॉम’ हे शोधयंत्र काढलं आणि शोधाच्या निकालातल्या जागाच लिलावाला काढल्या. बोली एका सेंटपासून सुरू. ज्याची बोली मोठी, त्याचं नाव वर. आणि गंमत म्हणजे कुणी किती बोली लावली, तो आकडा त्या नावाशेजारी वाचकालाही दिसत असे. जाणकारांनी नाकं मुरडली. शोधाचे निकाल कधी विकायचे असतात का! पण छोट्या दुकानदाराला ते आवडलं. समोरचा किती देतो ते त्याला उघड दिसत होतं.

त्या लिलावात एक खोट होती. जितकी बोली, तितके पैसे द्यावे लागत. मग दोन स्पर्धक एकेक सेंटनं चढत जायचे, आणि परवडेनासं झालं की एकजण धाडकन तळाला यायचा. लगेच दुसराही खाली. पुन्हा चढण सुरू. या खेळासाठी लोकांनी खास प्रोग्रॅम लिहून घेतले होते.

गूगलनं ऑक्टोबर २००० मध्ये ‘ॲडवर्ड्स’ सुरू केलं तेव्हा जाहिरातदार होते सुमारे ३५०. त्या अगदी सुरुवातीच्या जाहिरातींत टपालानं जिवंत शेवंड पाठवणारा एक विक्रेताही होता. तोवर दर हजार वेळा दिसण्यावरच होते. फेब्रुवारी २००२ मध्ये गूगल टिचकीच्या लिलावाकडं वळलं. सुधारणा दोन केल्या. जिंकणाऱ्यानं खालच्याला मागं टाकायला पुरेल एवढंच द्यायचं. आणि निव्वळ बोली न बघता लोक त्या जाहिरातीवर किती टिचक्या मारतात तेही बघायचं. हुशारीचा बदल होता, यात शंका नाही. मात्र आता दुसऱ्याची बोली दिसेना. उघडा लिलाव रुमालाखाली गेला. गोटूचं तोवर ‘ओव्हर्चर’ झालं होतं. त्यांनी पेटंटचा दावा लावला. २००३ मध्ये याहूनं ओव्हर्चर विकत घेतली आणि २००४ च्या ऑगस्टमध्ये २७ लाख शेअर देऊन गूगलनं तो वाद मिटवला.

जून २००३ मध्ये ‘ॲडसेन्स’ आलं. स्वतःच्या संकेतस्थळावर चार ओळींचा कोड चिकटवा, जाहिराती आपोआप दिसतील, टिचकीमागं पैसे मिळतील. घरी बसून पाककृती किंवा रेल्वेची माहिती लिहिणारा माणूसही आता या बाजारात विक्रेता झाला. आणि वाचक आणायचे म्हणून जाहिरात द्यावी, तर तोच ग्राहकही झाला. समजा, पाच सेंटला एक याप्रमाणे त्यानं शंभर वाचक विकत आणले. खर्च पाच डॉलर. त्यातल्या दोघांनी त्याच्या पानावरच्या जाहिरातीवर टिचकी मारली आणि प्रत्येकी वीस सेंट मिळाले, तर कमाई चाळीस सेंट. बाकीचे चार डॉलर साठ सेंट गेले कुठं? ते भरून काढायला त्याच्याकडं विकायला काहीतरी हवं. शिवाय शंभर डॉलर जमेपर्यंत पैसे हातात पडत नसत.

तरी लोक झपाटले होते. २००६ मध्ये कॅनडातल्या मार्कस फ्रिंड यांनी दोन महिन्यांच्या कमाईच्या नऊ लाखांवर डॉलरच्या चेकचा फोटो प्रसिद्ध केला. त्यांचं डेटिंगचं संकेतस्थळ प्रचंड मोठं होतं, हे फोटोत दिसत नव्हतं. काहींनी स्वस्त शब्दावर वाचक विकत घेऊन महाग शब्दाच्या पानावर नेण्याचा धंदा काढला. ॲस्बेस्टॉसमुळं होणाऱ्या ‘मेसोथेलिओमा’ या कर्करोगाच्या नावावरची एक टिचकी कित्येक डॉलरना जात असे, कारण भरपाईचे खटले लढवणारे अमेरिकी वकील ती घेत. त्या आजाराची पानं लिहिणाऱ्या कितीजणांनी रोगी पाहिला असेल?

खोट्या टिचक्याही आल्या. मे २००४ मध्ये आपल्याच देशातल्या एका इंग्रजी वृत्तपत्रानं बातमी दिली की, महानगरांतल्या गृहिणी आणि पदवीधर तरुण घरबसल्या जाहिरातींवर टिचक्या मारून महिन्याला शंभर-दोनशे डॉलर मिळवतात. तो खर्च पडत होता दूरच्या एखाद्या दुकानदाराच्या खिशावर. अमेरिकेत आर्कान्सातल्या भेटवस्तूंच्या एका दुकानानं खटला भरला. २००६ मध्ये गूगलनं नऊ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. त्यातले तीन कोटीपर्यंत वकिलांचे. दुकानदारांना मिळालं काय? रोख नाही, पुढच्या जाहिरातींसाठी उधार.

आणि आडत? जाहिरातदारानं दिलेल्या पैशातला किती वाटा संकेतस्थळाला जातो, हे गूगलनं मे २०१० मध्ये प्रथम जाहीर केलं. शंभरातले ६८. आकडा वाईट नव्हता. पण सात वर्षं माल घालणाऱ्याला तो सांगावासा वाटला नाही, हे मला त्या आकड्यापेक्षा जास्त खटकतं. जाहिरात देणाऱ्याची गत निराळी नव्हती. २०२३ मध्ये वॉशिंग्टनमधल्या खटल्यात गूगलच्याच अधिकाऱ्यानं साक्ष दिली की, लिलावातले भाव कंपनी कधीकधी पाच टक्क्यांपर्यंत वाढवते आणि ते जाहिरातदारांना सहसा कळवत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात गूगलनं जाहीर केलं, की २०२४ च्या सुरुवातीपासून ॲडसेन्समध्ये टिचकीमागं पैसे मिळणार नाहीत, जाहिरात दिसण्यावर मिळतील. म्हणजे पुन्हा सुरुवातीच्या काळातलाच हिशेब. ॲडसेन्सच्या अधिकृत भाषांमध्ये मराठीचा समावेश झाला तो २०१८ साली. त्यामुळं मराठीत संकेतस्थळ चालवणाऱ्याला टिचकीची राजरोस कमाई मिळाली, ती जेमतेम पाच-सहा वर्षं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)