अंगणात उघडलेलं इंजिन

१९९१ चा मे महिना. अंगणातल्या चिंचेला चेनकप्पी बांधून वडिलांनी आणि मिस्त्रीकाकांनी आमच्या जुन्या पद्मिनीचं इंजिन बाहेर काढलं. गाडी निळा धूर सोडायची, ऑईल प्यायची. मी अकरा वर्षांचा. माझं काम नट-बोल्ट रॉकेलमध्ये धुवायचं आणि बेअरिंगच्या कॅपवरचे १, २, ३, ४ आकडे बघून त्या ओळीने मांडायचं. कॅपची अदलाबदल झाली तर क्रँक जाम होतो, हे तेव्हाच कळलं.

ब्लॉक तेवढा बोअर करायला लेथवाल्याकडे गेला. ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा आल्या. व्हॉल्व्ह पेस्ट लावून हातानेच घासले. बाराव्या दिवशी गाडी सुरू झाली. काका म्हणाले, "पहिले हजार किलोमीटर पळवायची नाही."

आज लोक याला छंद म्हणतील. तेव्हा तो नाइलाज होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. पण गाड्या किती बनवायच्या ते सरकारी परवान्यावर ठरायचं, आयातीवर बंधनं. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली, तरी आमच्यासारख्यांना नवी गाडी परवडणार कुठे? म्हणून १०८९ सीसीचं तेच इंजिन पुन्हा पुन्हा उघडायचं. गावोगावचे मिस्त्री यातूनच तयार झाले.

नव्या गाड्या कमी धूर सोडतात, ॲव्हरेज चांगलं देतात, हे मान्यच. पण एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, सेन्सर वाढले. आता स्कॅनर आणि कंपनीची माहिती असल्याशिवाय बिघाड सापडत नाही. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनं आहेत, शेतीची अवजारंही आहेत. चांगलंच झालं, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

परवा काकांच्या मुलाकडे गाडी नेली. डॅशबोर्डवरचा दिवा बघून तो म्हणाला, "दादा, शोरूमलाच न्या." त्याच्या हातात कसब आहे, माहिती मात्र त्याला कुणी देत नाही.

सुटे भाग, स्कॅनर आणि दुरुस्तीची माहिती तालुक्याच्या गॅरेजलाही रास्त दरात मिळाली पाहिजे. ट्रॅक्टरवाल्यांनो, गॅरेजवाल्यांनो, तुमचा अनुभव काय? खाली लिहा.