विस्थापितांचे बियाणे आणि मूळ भूमी : पॉनी समाजाच्या मक्याचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, दफ्तरे, नाणी व वास्तू यांचा विचार प्रथम केला जातो. पारंपरिक बियाणे हेही असेच एक साधन आहे. मात्र ते नुसते जपून ठेवल्याने टिकत नाही. ठराविक काळाने पेरले नाही तर त्याची उगवणशक्ती नाहीशी होते. बियाण्याचे जतन हे साठवणुकीपेक्षा माणसामाणसांतील विश्वासावर अधिक अवलंबून असते, हे अमेरिकेतील पॉनी या आदिवासी समाजाच्या उदाहरणाद्वारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आजच्या नेब्रास्का राज्यातील प्लेट व लूप या नद्यांच्या खोऱ्यांत पॉनींची वस्ती होती. शेती स्त्रियांकडे असे. मक्याला हा समाज माता मानी. त्याच्या पवित्र गाठोड्यांतही मक्याचे कणीस असे. १८५७ च्या तहाने त्यांची बहुतेक भूमी गेली. गोऱ्या वसाहतकऱ्यांचे अतिक्रमण, रोगराई आणि लाकोटांचे हल्ले यांमुळे १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमा राज्याच्या प्रदेशात जावे लागले. जाताना त्यांनी बियाणे सोबत नेले. परंतु तेथील माती व हवामान या वाणांना मानवले नाही. कालांतराने अनेक वाणांचे मोजकेच दाणे उरले.

बियाण्याचे पुनरागमन

२००३ नंतर या इतिहासाला वेगळे वळण लागले. नेब्रास्कातील केर्नी येथे, पश्चिमेकडे गेलेल्या वसाहतकऱ्यांच्या मार्गाचा इतिहास सांगणारे एक संग्रहालय आहे. तेथील शिक्षणविभागाच्या रॉनी ओब्रायन यांनी पॉनी समाजाशी संपर्क साधला. समाजाच्या बीजरक्षक डेब एको-हॉक यांनी उरलेल्या दाण्यांपैकी काही त्यांच्याकडे पाठविले. दाण्यावर गरुडासारखी जांभळी खूण असलेला ‘गरुड मका’ त्यांत होता. पहिली पेरणी वाया गेली. तरीही उरलेले दाणे पुन्हा पाठविण्यात आले आणि ते मूळ भूमीत रुजले.

यानंतर नेब्रास्कातील अनेक बागकाम करणारे स्वयंसेवक या कार्यात सामील झाले. त्याला जीवशास्त्रीय कारणही आहे. मक्याचे परागीभवन वाऱ्याने होते. दोन वाण जवळजवळ लावल्यास त्यांचा संकर होतो. शिवाय थोड्याच झाडांपासून पिढ्यान्‌पिढ्या बी धरल्यास वाण दुर्बल होतो. म्हणून प्रत्येक वाणास स्वतंत्र जागा आणि पुरेशी झाडे लागतात. एका कुटुंबाच्या परसात अनेक वाण शुद्ध राखणे जवळजवळ अशक्यच होय.

या स्वयंसेवकांत वसाहतकऱ्यांचे वंशजही होते. ज्या भूमीवरून पॉनींना जावे लागले, तेथेच त्यांचे धान्य इतरांनी पिकविले आणि बियाणे समाजाकडे परत पाठविले. बियाण्यावरील पॉनींचा अधिकार या व्यवहारात अबाधित राहिला, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. अन्यथा भूमीपाठोपाठ बियाणेही परक्या हाती गेले असते.

निष्कर्ष

या प्रयत्नाने गेलेली भूमी परत मिळाली नाही, आणि त्याला नुकसानभरपाई म्हणणेही योग्य होणार नाही. तथापि, बियाणे, माती आणि ते पेरण्याचे ज्ञान यांची झालेली ताटातूट त्यामुळे काही अंशी भरून निघाली. शीतगृहातील बीजसंग्रह आवश्यकच आहेत; परंतु वाणाचे नाव, त्याचा उपयोग आणि त्यामागील स्मृती शेतातच जिवंत राहतात. शेवटचे दाणे दुसऱ्याच्या हाती सोपविण्याचा निर्णय हा म्हणूनच केवळ कृषिविषयक नव्हे, तर ऐतिहासिक निर्णय ठरतो.