घरगुती संगणकावरील संगीत : बारा पट्ट्या आणि मींड

घरातील संगणकावर संगीताची रचना, ध्वनिमुद्रण व मिश्रण करणे आता सामान्य वापरकर्त्यालाही शक्य झाले आहे. मात्र यासाठीची बहुतेक सॉफ्टवेअर पाश्चात्त्य स्वररचनेवर आधारलेली असल्याने रागसंगीतासाठी त्यांचा वापर करताना काही मूलभूत बाबी समजून घेणे आवश्यक ठरते.

या सॉफ्टवेअरमध्ये संगीत दोन प्रकारे साठवले जाते. पहिला प्रकार प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतले जातात व एका मिनिटाच्या स्टिरिओ मुद्रणास सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. २००० मध्ये उपलब्ध झालेले 'ऑडॅसिटी' हे मोफत सॉफ्टवेअर प्रामुख्याने याच कामासाठी वापरले जाते.

दुसरा प्रकार 'मिडी' या १९८३ मध्ये निश्चित झालेल्या संकेतप्रणालीचा. यात ध्वनी साठवला जात नाही. कोणती पट्टी किती जोराने दाबली गेली व केव्हा सोडली गेली, एवढीच नोंद होते. त्यासाठी ० ते १२७ असे १२८ स्वरक्रमांक ठरलेले आहेत. २००४ मध्ये आलेल्या 'गॅरेजबँड'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन्ही प्रकार एकत्र वापरता येतात.

अडचण कोठे येते?

मिडीच्या प्रचलित मांडणीत सप्तकाचे १२ समान भाग केलेले असतात. प्रत्येक भाग १०० सेंटचा मानला जातो. त्यानुसार शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या नादातून उमटणारा स्वयंभू गांधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. हा फरक जाणकार कानाला खटकतो. शिवाय दोन पट्ट्यांमधील मींड पट्टीने दाखवता येत नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागे हाही एक प्रमुख आक्षेप होता. ही बंदी १९७१ मध्ये अंशतः शिथिल झाली.

उपाय आणि मर्यादा

मिडीमध्ये स्वर वरखाली सरकवण्याची 'पिच बेंड' ही सोय असून तिचे १६,३८४ टप्पे असतात. तिची कक्षा सर्वसाधारणपणे दोन्ही बाजूंना दोन अर्धस्वर असते व ती वाढवताही येते. तथापि हा बदल त्या वाहिनीवरील सर्व स्वरांना एकाच वेळी लागू होतो. एका वेळी एकच स्वर वाजणाऱ्या बासरीसाठी ही बाब अडचणीची नाही. अनेक स्वर एकत्र वाजत असल्यास मात्र ते सर्वच सरकतात. ही उणीव दूर करण्यासाठी २०१८ मध्ये प्रत्येक स्वराला स्वतंत्र वाहिनी देणारी 'एमपीई' पद्धत स्वीकारण्यात आली. अनेक सॉफ्टवेअरमध्ये बारा स्वरांची उंची हवी तशी बदलण्याचीही सोय असते. त्यामुळे गांधार जुळवता येतो; मींड मात्र स्वतंत्रपणेच आखावी लागते.

या कारणास्तव गायन, सारंगी किंवा सतार यांचे मायक्रोफोनद्वारे थेट मुद्रण करावे आणि तंबोऱ्याचा नाद, ठेका यांसारख्या साथीसाठी संगणकाचे साहाय्य घ्यावे, ही विभागणी सोयीची ठरते. मात्र संगणकाचा षड्ज गायकाच्या पट्टीशी आरंभीच जुळवून घ्यावा, कारण मुद्रणानंतर स्वर बदलल्यास आवाजाचा नैसर्गिक पोत बिघडण्याची शक्यता असते.